जांभ्यावरची गाडी, काळ्या मातीवर

इंदूरला मावशीकडे गेलो की पहिली सकाळ पोहे-जिलेबीत आणि पहिली रात्र सराफ्यात जाते. गेल्या दिवाळीत मात्र बॅग ठेवायच्या आत मावशीने मला मागच्या अंगणात नेलं. तिथे आजोबांची बीटल चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं काढलेली, जुने शॉकअप एका वर्तमानपत्रावर मांडलेले. आणि त्या गाडीवरून बाप-लेकाचं बोलणं आठ दिवस बंद होतं.

लेक म्हणजे माझा पुतण्या, इंजिनिअर झालेला. त्याला गाडीला 17 इंची अलॉय चाकं हवी होती, पट्टीसारखे पातळ टायर हवे होते, गाडी दोन बोटं खाली बसवायची होती आणि चारही बाजूंना गॅसचे कडक शॉकअप. दादाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं म्हणणं एकच, 1958 साली जे होतं तेच राहील, नाहीतर गाडीच विकून टाकतो. दिल्लीचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊनही गेला होता. मावशी मला म्हणाली, "तू सरकारातला माणूस. ही फाईल तेवढी निकालात काढून जा."

फाईल म्हटली की आधी मागचे कागद वाचावे लागतात. या गाडीचे मागचे कागद पोर्तुगीज काळापर्यंत जातात.

1955 साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. गोव्यात टंचाई व्हावी हा हेतू. पण त्याच वर्षांत गोव्याचं लोहखनिज जपानला, पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं होतं, हातात पैसा खेळत होता आणि आयातीला फारशी आडकाठी नव्हती. त्यामुळे मुंबईला जी वस्तू डोळ्यांनी दिसत नसे ती म्हापशाच्या बाजारात मिळायची. स्कॉच, घड्याळं, रेडिओ आणि जर्मन मोटारीसुद्धा. भारतात गिऱ्हाईक हिंदुस्थान, फियाट आणि स्टँडर्ड यांच्यापैकी एकीसाठी नाव नोंदवून वाट पाहत बसलेलं असताना गोव्यात मर्सिडीजच्या टॅक्सी धावत होत्या. आजोबांनी आपली बीटल याच दिवसांत घेतली. 1192 सीसी, 30 अश्वशक्ती, रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन मागे आणि ते गार करायला पंखा.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. आनंद मोठा होता, पण जर्मन मोटारींचे सुटे भाग मिळणं बंद झालं. गोव्यालाही आता भारताचे आयात निर्बंध लागू होते. मग मिस्त्री लोकांनी जुगाड केलं. आजोबांच्या गाडीला शेवटी शेवटी टायर अँबॅसिडरचे होते. अँबॅसिडरचा 5.90-15 आणि बीटलचा 5.60-15, दोन्हींची रिम 15 इंची, एवढ्या एका योगायोगावर गाडी चालत राहिली. शॉकअप मात्र जीपचे कापून, वेल्डिंग करून बसवलेले. 1988 साली मावसाने गाडी ट्रकवर चढवून इंदूरला नेली तेव्हा मी लहान होतो. ट्रकवरही ती मान डोलावत गेली, हे मला चांगलं आठवतं.

इंदूरला मोटारींचं अप्रूप नवं नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे हौशी गृहस्थ. 1930 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग महाल बांधून घेतला. मोटारीही तशाच खास सांगून करवून घेतल्या. ड्युसेनबर्ग एसजे या अमेरिकन गाडीची लांब चासी मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनांची बॉडी चढवून घेतली, रंग नारिंगी आणि काळा. म्हणजे मोटारीच्या कारखान्याने जे दिलं ते मुकाट्याने न घेता आपल्या मनासारखं करून घेण्याची परंपरा या गावाला आहे! पुतण्याने हा मुद्दा लगेच उचलला. मी म्हटलं, पुढचंही ऐक. महाराज वारले तेही डिसेंबर 1961 मध्येच, गोवामुक्तीच्या अवघे दोन आठवडे आधी. त्यांची ती गाडी परदेशी गेली. माणिकबागेतलं फर्निचर 1980 साली मोनाकोत लिलावात विकलं गेलं. महालात पुढे केंद्रीय अबकारी खात्याचं कार्यालय आलं. गावातून गेलेली वस्तू परत येत नाही. हे वाक्य पुतण्यासाठी नव्हतं, दादासाठी होतं. तो काही बोलला नाही, पण खुर्ची ओढून बसला.

आता मुख्य विषय. गाडीचा भार शॉकअप उचलतो अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. तसं नाही. भार उचलते ती स्प्रिंग. अँबॅसिडरला मागे पाटे होते, बीटलला पोलादी कांब आहे. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने 1931 साली पीळ घेणाऱ्या कांबेची ही युक्ती पेटंट केली. चाक वर गेलं की कांब पिळते, पीळ सुटताना चाक खाली येतं. पुढे दोन नळ्यांत पातळ पट्ट्यांच्या जुड्या, मागे प्रत्येक बाजूला एकेक गोल कांब. मागच्या कांबेला आतल्या टोकाला 40 दाते आणि बाहेरच्या टोकाला 44. आत एक दाता फिरवला की 9 अंश, बाहेर एक फिरवला की 8 अंशांहून थोडं जास्त. दोन्ही उलटसुलट फिरवले तर फरक एका अंशाहूनही कमी. एवढ्या बारकाईने गाडीची उंची ठरवता येते. पुतण्या ज्याला गाडी खाली बसवणं म्हणतो ते हेच.

शॉकअपचं काम वेगळं. पिळलेली कांब सुटली की ती झोके घेत राहते, ते झोके मारायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या करायच्या. मग तेल आलं. नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं, त्यांतून तेल जायला वेळ लागतो आणि त्या वेळात झोका विरतो. पण सलग खड्ड्यांत तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला दट्ट्या अडवता येत नाही. त्यावर 1950 च्या दशकात फ्रान्समधल्या दे कार्बोन यांनी एकाच नळीत दाबाखाली वायू भरून उपाय काढला. पुतण्याला हवे होते ते या घराण्यातले.

म्हणजे गॅसचा चांगला आणि तेलाचा जुना, असा सरळ निकाल? इथेच माती आडवी येते.

गोव्याची जमीन जांभ्याची. रस्ता वळणांचा, चढउताराचा, खड्डा पडला तर कडा तीक्ष्ण. धक्का एकच, पण खणखणीत. माळव्याची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटांसारखा होतो. वरून गुळगुळीत, पण गाडी होडीसारखी डोलते. तीक्ष्ण धक्क्याला मऊ शॉकअप बरा, लांब लाटेला जरा घट्ट. त्यात बीटलचं इंजिन मागे, म्हणून निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर. पुढचं टोक हलकं. त्या हलक्या टोकाला कडक शॉकअप लावला तर चाक रस्त्याला चिकटण्याऐवजी उड्या मारतं. तेव्हा एकाच गाडीला पुढे एक औषध आणि मागे दुसरं.

चाकांची गोष्ट त्याहून गमतीची. या सालच्या बीटलची डिश पाच बोल्टांची आणि ते बोल्ट 205 मिलिमीटरच्या मोठ्या वर्तुळावर. बाजारातली अलॉय चाकं त्यावर बसत नाहीत, मध्ये जाड चकती घालावी लागते. चकती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं आणि बेअरिंगवर, किंगपिनवर तरफेचा जोर वाढतो. शिवाय हिशोब करा. 165 रुंदीचा, 15 इंची मूळ मापाचा टायर सुमारे 645 मिलिमीटर उंच. 195/40 चा 17 इंची टायर सुमारे 588. चाक दिसायला मोठं, पण प्रत्यक्षात लहान! बीटलच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या मधून निघते, म्हणजे काटाही जवळजवळ दहा टक्के जास्त वेग दाखवणार.

हे सगळं हौसेचं झालं. एक गोष्ट जिवाची आहे. बीटलच्या मागच्या आसाला फक्त आतल्या बाजूला सांधा आहे, बाहेर नाही. वळणावर मागचं टोक उचललं गेलं तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं. अमेरिकेत शेव्हरोले कोर्व्हेर ही हवेने गार होणारी, मागे इंजिन असलेली गाडी 1960 च्या मॉडेलपासून याच तऱ्हेच्या आसावर निघाली. तिच्या पुढच्या टायरात 15 पौंड आणि मागच्यात 26 पौंड हवा भरायची सूचना होती. पंपावर कोण एवढं लक्षात ठेवतो? राल्फ नेडर यांच्या 1965 सालच्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. मोटारीची सुरक्षितता हा सार्वजनिक प्रश्न होण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा. म्हणून दादालाही सांगावं लागलं की 1958 चं सगळं तसंच ठेवायचं म्हणजे 1958 चे धोकेही ठेवायचे. आणि जीपचे ते कापलेले शॉकअप तर 1958 चेही नव्हते.

आमच्या कचेरीत काही कागद कायम जतन करायचे असतात, काही मुदत संपली की नष्ट करायचे. नष्ट करायचा कागद जपून ठेवणं ही निष्ठा नव्हे, निव्वळ अडगळ. शॉकअप हा मुदतीचा कागद. तो झिजण्यासाठीच जन्माला आला. चाकाची डिश, कांब, गाडीची उंची हे कायमचे कागद, कारण गाडी कशी उभी राहते, कशी वळते हे त्यांच्यातच लिहिलेलं असतं.

योगायोग असा की भारतात शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन झाली तेही 1961 सालीच. आज तिचा एक कारखाना इंदूरशेजारी देवासला आहे. आणि गावाबाहेर पीथमपूरला, नॅट्रॅक्समध्ये, 2021 साली 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला. ज्या गावाच्या अवतीभवती देशातल्या गाड्यांचे धक्के मोजले जातात तिथे एका बीटलवरून घर मोडावं?

शेवटी असं ठरलं. पुढे तेलाचे साधे शॉकअप, मागे कमी दाबाच्या गॅसचे दोन नळ्यांचे. उंची होती तीच. डिश जुन्याच, टायर 165 चे रेडियल, मुंबईहून मागवलेले. डिशचा रंग खरवडताना आतल्या बाजूला ठोकलेला 58 हा आकडा चार डिशांवर निघाला. पुतण्या तो बराच वेळ अंगठ्याने घासत बसला होता. त्यांतल्या एका डिशला बोल्टच्या भोकाशी केसाएवढी चीर होती. दादा म्हणाला, ही राहू दे, वेल्डिंग करून घेऊ. पुतण्या म्हणाला, "नाही बाबा, चीर पडलेली डिश लावायची नाही." आठ दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलले ते असं. दादाने डिश हातात धरली, वजन घेतल्यासारखी वरखाली केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तिच्या जागी स्टेपनीची पाचवी डिश लागली.

पाडव्याला आम्ही तिघं महूवरून महेश्वरला निघालो. जाम घाटाच्या उतारावर पुतण्या गाडी चालवत होता, दादा शेजारी, मी मागे इंजिनाच्या फटफटाटात. वळण आलं की दादाचा हात आपोआप पुढच्या दांड्याकडे जायचा आणि गाडी सावरली की परत मांडीवर यायचा. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजाशी थांबून पुतण्याने पुढचा बंपर दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि शांत झाली. आजोबांची गाडी मान न डोलावता उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

चीर पडलेली ती डिश मी गोव्याला घेऊन आलो. वजन पाहून विमानतळावर दोनदा चौकशी झाली. आता ती अंगणात, जांभ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे.