एकाने एकाशी बोलणे

मिशनरी हा शब्द कानावर पडला की आपल्याला शाळा, दवाखाना, चर्च आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले राज्य आठवते. सिल्वाशात राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली पोर्तुगिजांच्या हाती गेले, ते थेट १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुटले. गावातले १८९७ सालचे चर्च आजही उभे आहे. पण वाचकहो, राज्याच्या आधाराने झालेल्या धर्मप्रसाराविषयी मी लिहिणार नाही. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि तेही बहुधा आकड्यांत. एका माणसाने दुसऱ्याशी, दोघेच असताना, आपल्या श्रद्धेविषयी बोलावे, याची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही. जन्माने जैन आणि धंद्याने होमिओपॅथ असलेल्या मला तीच गोष्ट अधिक कुतूहलाची वाटते.

परमुलखातून आलेल्या या लोकांना आधी आपली भाषा शिकावी लागली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. दोनशे वर्षांनी, १८१३ च्या फेब्रुवारीत, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. हॉल बाजारात, रस्त्यात, देवळापाशी उभे राहून बोलत. ऐकणारे जमत, धर्म बदलणारे सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ नाहीतच. १८२६ मध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. त्यांनी जवळची औषधे आणि पुस्तके वाटली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी होऊन ते वारले. डॉक्टर म्हणून हा प्रसंग मला अडवून ठेवतो, पण आपला विषय रेल्वेच्या डब्यात आहे.

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेले एक चित्पावन कवी डब्यात बसले आहेत. नाव नारायण वामन टिळक, वय बत्तीस. संस्कृतचे चांगले जाणकार, धर्माविषयी अस्वस्थ, स्वतःच एखादा नवा धर्म काढावा असे मनात घोळवणारे. डब्यात एक युरोपियन प्रवासी येतो. तो पहिल्यांदा बोलतो ते कवितेविषयी, संस्कृत काव्याविषयी, आणि आदराने बोलतो. ख्रिस्ताचा विषय नंतर निघतो. उतरण्यापूर्वी तो नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती देतो आणि सांगतो, हे वाचा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे बोलणे आगाऊपणाचे वाटले. तरी वाचण्याचा शब्द दिलेला होता, म्हणून पेन्सिल घेऊन ते वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भाकीत खरे ठरले, याचे मला फारसे नवल नाही. नवल आहे ते बोलण्याच्या क्रमाचे. आमच्या शास्त्रात नव्या रोग्याला आधी तासभर बोलू द्यायचे असते. औषधाची पुडी शेवटी. त्या प्रवाशाने नेमके हेच केले. समोरच्याला कशाची ओढ आहे ते आधी पाहिले आणि पुडी हातात ठेवून तो निघून गेला. रोज दारात येऊन, घेतलीत का, असे विचारत बसला नाही.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरालाही असेच गाठले जात होते. बेकर वकील प्रार्थनासभेला नेत. कोट्स हा क्वेकर मित्र पुस्तकांवर पुस्तके देई. डोंगरावरचे प्रवचन गांधींनी विलायतेतच वाचले होते आणि तेही त्यांच्या मनाला भिडले होते. एके दिवशी कोट्स यांना त्यांच्या गळ्यातली तुळशीची कंठी दिसली. हा भ्रम आहे, आणा, तोडून टाकतो, असे ते म्हणाले. आईने प्रेमाने घातलेली कंठी, ती कशी तोडायची? गांधींनी साफ नकार दिला. मैत्री टिकली, धर्म बदलला नाही. पुढे १८९४ मध्ये गांधींनी मनातले सत्तावीस प्रश्न मुंबईला लिहून पाठवले, ते एका जैन जवाहिऱ्याला, रायचंदभाईंना. आलेल्या उत्तराने त्यांचे मन थाऱ्यावर आले. जैनांनीही एकाने एकाशी बोलण्याचे काम केले आहे, हे इथे थोड्या अभिमानाने नोंदवतो. मात्र रायचंदभाईंनी गांधींना जैन व्हा असे सांगितले नाही.

एकच अध्याय दोघांच्या मनाला भिडला. एकाला ज्याची आवड होती त्याविषयी परक्याने आस्थेने विचारले. दुसऱ्याला जे प्रिय होते ते तोडायला परक्याने हात पुढे केला. निर्णय काही एवढ्या एका गोष्टीवर झाले नाहीत, हे मी जाणतो. तरी हा फरक लहान नाही.

आणि तरीही त्या चांगल्या संभाषणाचा हिशेब डब्यातल्या दोघांपुरता मिटत नाही. तिसरे माणूस तिथे नव्हते. लक्ष्मीबाईंना कोणी काही विचारले नाही. नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी आली तेव्हा मुलगा दत्तू जेमतेम चार वर्षांचा होता. पुढची काही वर्षे संसार मोडल्यासारखाच होता. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे, आणि रडगाणे न गाता, हसवत सांगितले आहे, त्यामुळे ते वाचताना अधिक लागते. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. सोवळे सुटले ते नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे. जातिभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच लावून धरला, माणसाने असे उत्तर आले आणि त्यांनी सर्वांच्या हातचे खाल्ले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. इथे बोलणारा एकच आणि ऐकणाराही तोच.

टिळकांचा पुढचा प्रवास मिशनच्या चौकटीत मावला नाही. भजने आणि कीर्तने यांतून ते आपल्या लोकांशी आपल्या पद्धतीने बोलत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे न्यायला लक्ष्मीबाई बसल्या. स्टीफन्सनी तीनशे वर्षांपूर्वी लिहिले होते त्याच ओवी छंदात, त्यांनी अध्यायामागून अध्याय लिहिले.