जुन्या जीपगाडीचें मूळ रूप

गोदावरीच्या कांठीं, चांदोरीच्या पैलतीराला वसलेलें सायखेडा हें निफाड तालुक्यांतील गांव. भोंवतालची जमीन काळी, पीक कांद्याचें, उसाचें, द्राक्षांचें. अशा मुलखांत मोटारगाडीची खरी परीक्षा पावसाळ्यांत होते. पक्का रस्ता सोडून चिखलांत उतरावयाचें आणि पोतीं, माणसें घेऊन पुन्हा वर यावयाचें, हें ज्या वाहनास सहज साधलें तें म्हणजे जीप. परंतु शेतकऱ्याची म्हणून ओळखली जाणारी ही गाडी जन्मली मात्र युद्धासाठीं.

1940 सालीं अमेरिकन सैन्यास टेहळणीसाठीं हलकें वाहन हवें होतें. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें 49 दिवसांच्या मुदतींत पहिला नमुना हजर केला. मोठीं कंत्राटें मात्र विलिस आणि फोर्ड या दोघांच्या पदरीं पडलीं. 1945 पर्यंत त्यांनीं सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपतांच हिंदुस्थानांत उरलेला लष्करी माल विक्रीस निघाला, आणि त्यांतून कित्येक जीपगाड्या नागरिकांच्या हातीं आल्या. पुढें 1949 सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें परदेशांतून आलेल्या भागांची जुळणी करून जीप बांधण्यास आरंभ केला.

या दोन वाटांनीं आलेल्या गाड्या दिसावयास सारख्या, पण जाणकाराच्या डोळ्यास त्यांतील भेद चटकन उमगतो. युद्धकालीन जीपच्या समोरच्या जाळीस नऊ खांचा असत, नागरी गाडीस सात. फोर्डनें आपल्या कित्येक भागांवर, बोल्टांवरसुद्धां, आपलें आद्याक्षर उमटविलें होतें. विलिसच्या सांगाड्याचा पुढील आडवा दांडा नळीसारखा गोल, तर फोर्डचा पन्हळीसारखा. लष्करी गाडीचे पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवितां येत, म्हणजे रात्रीच्या दुरुस्तीस इंजिनावर उजेड पडे. पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं. विजेची योजना सहा व्होल्टची. जुनी जीप मूळ रूपांत आणूं पाहणारा मनुष्य हीं लक्षणें जपमाळेप्रमाणें घोकतो आणि एका खऱ्या बोल्टासाठीं भंगारबाजार पालथे घालतो.

हा छंद स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु ‘मूळ रूप’ म्हणजे कोणत्या दिवसाचें रूप, हा प्रश्न येथें आडवा येतो. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें, आणि ज्या गाडीचें पोटच मोठें ती पोसणें खेडेगांवीं जड होऊं लागलें. मग मिस्त्री लोकांनीं तिचें पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागीं डिझेल इंजिन बसविलें. कोठें पर्किन्सचें, कोठें ट्रॅक्टरचें. त्यासाठीं सांगाड्यावर नवीं ब्रॅकेटें वेल्डिंगनें जोडलीं, सहाच्या जागीं बारा व्होल्ट आणले. ही तोडजोड कोणत्याहि कारखान्याच्या पुस्तकांत नाहीं. तरी तिच्यामुळेंच कित्येक गाड्या भंगारांत जाण्यावांचून वांचल्या.

अमेरिकेंत हाच वाद दुसऱ्या वाटेनें निघाला. कॅलिफोर्नियांतील तरुण 1930 नंतरच्या काळांत जुन्या फोर्डगाड्या हलक्या करीत, त्यांत बलवान इंजिनें घालीत आणि कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर त्या पळवीत. या गाड्यांना ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें. पुढें त्याच जुन्या झाल्या, तेव्हां त्यांचा जीर्णोद्धार कारखान्यांतून निघाल्या दिवसाप्रमाणें न करतां, त्या तरुणानें फेरफार केला त्या वर्षाप्रमाणें, त्याच काळच्या सुट्या भागांनीं करण्याची पद्धत पडली. 1997 सालीं पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटारप्रदर्शनानें अशा गाड्यांस स्वतंत्र वर्ग दिला. मालकाचा फेरफार हाच तेथें इतिहास ठरला.

भारताचा कायदा मात्र उलट बाजूस झुकतो. जुलै 2021 मधील केंद्रीय नियमान्वयें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस विशेष नोंदणी मिळते. पण ती मूळ रूपांत असली पाहिजे, तिचा सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे डिझेलवर चाललेल्या जीपला हा मान हवा असेल, तर तिच्या आयुष्यांतील सर्वांत कष्टाचा काळ आधीं पुसून टाकावा लागतो! लष्करी हिरवा रंग, नऊ खांचांची जाळी हें सारें तिला परत मिळतें. पण तिनें युद्धांत कांहीं थोडींच वर्षें काढलेलीं असतात, आणि शेतांत त्याहून कितीतरी अधिक.

जीर्णोद्धार करणारा शहाणा असेल तर काढलेलें डिझेल इंजिन जपून ठेवतो आणि बदलाचीं छायाचित्रें घेतो. ब्रॅकेटें कापून सांगाडा घांसला, त्यावर रंग चढला, कीं मिस्त्रीच्या हाताची खूण गाडीवर राहत नाहीं. मग इंजिनाच्या बदलाची नोंद पूर्वीं केलेली असेल, तर ती तेवढी नोंदणीपुस्तकांत सांपडते.