पाटीवरची भाषा

सीमाभागातल्या मराठी घरांत मुलांच्या भाषेचा विषय निघाला, की बोलणे बहुधा १९५६ पासून सुरू होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि मुलांना कोणत्या शाळेत घालायचे हा प्रश्न घराघरांत शिरला. हे खरेच आहे. पण घरात एक भाषा आणि पाटीवर दुसरी, हे दुखणे या मातीत त्याहून पुष्कळ जुने आहे. त्याचा पहिला अध्याय वाचला तर आपल्याच तक्रारीकडे पाहण्याची नजर थोडी बदलते, असा माझा अनुभव आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बेळगाव-धारवाडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पेशवे आणि पटवर्धनांच्या अमलात इथले दप्तर मराठीत, मोडी लिपीत चालत असे. नव्या सरकारला तेच कारकून सोयीचे वाटले. पुढे सरकारी शाळा निघाल्या तेव्हा ज्या भाषेत कचेरी, त्याच भाषेत शाळा, असे बऱ्याच ठिकाणी झाले. घरी कन्नड बोलणारे मूल शाळेत मराठी बाराखडी घोटू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘डेप्युटी’ चन्नबसप्पा या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने खेड्यापाड्यांत कन्नड शाळा उभ्या करण्यासाठी जन्म वेचला. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्यामागेही हीच तळमळ होती. त्या पिढीच्या तक्रारीचे सार एवढेच, की आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकू द्या. हेच मागणे पुढे आपण १९५६ नंतर मागू लागलो. मागणारी घरे बदलली, मागणे तेच राहिले.

हे सांगण्यात आपली बाजू लंगडी करण्याचा हेतू नाही. उलट, मागणे दोन्ही वेळा न्याय्य होते, एवढेच इतिहास सांगतो. आणखी एक गोष्ट तो सांगतो. त्या काळच्या कन्नड धुरिणांनी मराठी टाकून दिली नाही. कर्नाटकाच्या एकीकरणाचे स्वप्न पाहणारे आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले होते, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच कन्नडात नेले. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे निष्ठावंत सहकारी, आणि तेच कर्नाटकातल्या काँग्रेसचे पुढारी. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेस भरली, तिची उभारणी त्यांनीच केली. दुसरी भाषा चांगली आली म्हणून यांपैकी कोणाची पहिली बुडाली नाही.

धारवाडचेच पाहा. द. रा. बेंद्रे यांचा जन्म तिथे १८९६ साली झाला. घरची भाषा मराठी. ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी कन्नड कवितेत जे केले त्याला १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि तरी मराठीत लिहिणे त्यांनी सोडले नाही. त्याच धारवाडात बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते आणि मराठी कथेला अगदी वेगळे वळण देत होते. गाव एक, रस्त्यावरची भाषा एक. पण एका मराठी घरातून कन्नडाचा थोर कवी निघाला आणि कन्नड गावात राहून दुसऱ्याने मराठी कथा श्रीमंत केली. ही असामान्य माणसे होती, हे मान्य. पण ती ज्या हवेत वाढली ती हवा असामान्य नव्हती. ती आपल्या प्रत्येक गल्लीत होती.

आता कायद्याकडे वळू. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले दुसऱ्या भाषेची असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात असे सांगितले गेले. कलमाची पुरती अंमलबजावणी झाली नाही हे आपले जुने दुःख. पण ४० आणि १० या आकड्यांत दडलेली गोष्ट आपण फारशी बोलत नाही. हा हक्क एकट्या मुलाचा नाही. तो पटावरच्या संख्येचा आहे. दहापैकी एक मूल बाजूला काढले, की उरलेल्या नऊ जणांचा हक्क डळमळतो. काढणारा बाप आपल्या मुलाचे भले पाहत असतो, त्याला दोष कसा द्यावा? तरी शेजारच्या मुलाचा मराठी वर्ग त्याच्या निर्णयावर उभा असतो, हेही खरेच.

आणि ती मुले जातात कुठे? बहुतेक इंग्रजी शाळेत. १९९४ मध्ये कर्नाटक सरकारने पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडातच व्हावे असा आदेश काढला. तो वाद वीस वर्षे चालला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, निवड पालकांची. पुढे २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड ही एक भाषा म्हणून शिकणे आवश्यक झाले. इकडे महाराष्ट्रातही शाळांत मराठी सक्तीची करण्याचा प्रश्न न्यायालयात गेला होता, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती उचलून धरली. तेव्हा राज्याची भाषा मुलाने शिकावी हे तत्त्व आपण सीमेपलीकडे मान्य करायचे आणि अलीकडे नाकारायचे, हे टिकणारे नाही. कन्नड नीट शिकावी. पण तिच्यासाठी मराठी सोडावी लागू नये, एवढाच आपला हट्ट असावा.

घरात प्रत्यक्ष काय घडते? मराठी बोलण्यातून लवकर जात नाही. ती आधी लिहिण्यातून जाते, मग वाचण्यातून. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत भाकरी ‘ती’, भात ‘तो’ आणि तूप ‘ते’. त्यामुळे मूल भाकरी ‘खाल्ला’ म्हणते आणि घरचे हसतात. हसू नये. ते मूल चुकत नसते, एका भाषेचा नियम इमानाने दुसरीला लावत असते. योग्य रूप आपण सहज बोलून जावे. दहा वेळा ऐकले की ते बसते. शब्दांची तर देवघेव आधीच झालेली आहे. आपले तूप आणि त्यांचे ‘तुप्प’ सख्खी भावंडे. अण्णा आणि अक्का दोन्ही घरांत राबतात. उत्तर कर्नाटकातल्या कन्नड बोलण्यात खोली आणि भांडी सुखाने नांदतात. म्हणून शब्द मिसळले तर घाबरू नये. लिपी सुटली तर मात्र घाबरावे. ज्या मुलाला देवनागरीत भराभर वाचता येत नाही त्याला आजीचे पत्र, घरातले जुने खरेदीखत आणि हा अंकसुद्धा परका होतो. यासाठी शाळेवर विसंबू नये. रोज पानभर मोठ्याने वाचन आणि आठवड्याला एक पत्र, एवढे घरीच करता येते. माझ्या पाहण्यात ज्या घरांनी हे नेमाने केले, त्यांची मुले कन्नडात मागे पडली नाहीत आणि मराठीत परकी झाली नाहीत.

एक बारीक गंमत सांगून थांबतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’त समोरचा माणूस नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हा भेद मराठीला द्राविड भाषांच्या शेजारातून मिळाला, असे अभ्यासक मानतात. आजच्या कन्नडात मात्र दोन्हींसाठी ‘नावु’ हा एकच शब्द उरला आहे. शेजाऱ्यांकडून मिळालेला हा ठेवा आपल्या मुलांनी जपावा, आणि कन्नड सोबत्याशी मराठीत बोलताना त्यांच्या तोंडी ‘आम्ही’पेक्षा ‘आपण’ अधिक वेळा यावे.