मल्लखांबाची पूर्वपीठिका

राष्ट्राचा इतिहास म्हणजे केवळ राजांच्या वंशावळी व लढायांच्या तिथी नव्हे, हें आतां सर्वमान्य झालें आहे. तथापि सनदा, महजर व बखरी यांच्या शोधांत आपल्या संशोधकांचे जितके श्रम खर्ची पडले, त्यांच्या शतांशानेंही ते समाजाच्या खेळांकडे वळलेले दिसत नाहींत. वास्तविक कोणता समाज कशास पराक्रम म्हणतो, शरीर कशासाठीं कमावतो, जिंकणाऱ्याचा व हरणाऱ्याचा सत्कार कसा करतो, हें त्याच्या खेळांवरून जितकें कळतें तितकें दरबारी कागदांवरून कळत नाहीं. या दृष्टीनें महाराष्ट्रानें ज्यास आपलें विशेष लेणें मानिलें त्या मल्लखांबाच्या उत्पत्तीविषयीं प्रचलित असलेली कथा कितपत प्रमाण मानावी, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

(१) प्रचलित कथा अशी : दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब या नांवांचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनीं दरबारांत आव्हान दिलें. तें आव्हान बाळंभट्टदादा देवधर यांनीं स्वीकारिलें, कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली व वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन देवीची उपासना आरंभिली. देवीच्या प्रसादानें मारुतीनें त्यांस लांकडी खांबावरील पेच दाखविले. त्या विद्येच्या बळावर त्यांनीं आव्हान देणाऱ्यांस हार खावयास लाविली. हीच मल्लखांबाची उत्पत्ति, असें आखाड्याआखाड्यांतून सांगितलें जातें.

आम्ही तापीच्या खोऱ्यांत, वरणगांवासारख्या ठिकाणीं राहणारे लोक या कथेकडे सहजासहजीं तटस्थपणें पाहूं शकत नाहीं. सप्तशृंगी ही खानदेशांतील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी असून चैत्रांत तिच्या दर्शनास पायीं निघणारे यात्रेकरू मुख्यत्वें याच प्रांतांतले असतात. कथेचें स्थळ आपल्या श्रद्धेचें आहे. परंतु श्रद्धेचें स्थळ आणि प्रमाणाचें स्थळ यांची गल्लत करणें संशोधकास शोभणार नाहीं.

(२) आतां ग्रंथप्रमाण पाहूं. भीमजरासंधांचें द्वंद्व, विराटनगरींत भीमानें केलेला जीमूत मल्लाचा वध, कंसाच्या रंगांत चाणूर व मुष्टिक यांचा नाश हे प्रसंग सर्वश्रुत आहेत. त्यांवरून मल्लविद्येचें प्राचीनत्व सिद्ध होतें, खांबाचें नव्हे. खांबाविषयींचें महत्त्वाचें प्रमाण कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत सांपडतें. शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९, च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतून १९२५, १९३९ व १९६१ या सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. राजाच्या विनोदांत 'मल्लविनोद' हें एक स्वतंत्र प्रकरण असून त्यांत मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचे नित्याचे श्रम सांगितले आहेत. या श्रमांत भारश्रम, भ्रमणश्रम व सलिलश्रम यांच्या बरोबरीनें स्तंभश्रमही आहे.

दुसरें प्रमाण 'मल्लपुराणा'चें. भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता यांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९६४ सालीं त्याच मालेंत निघाला. गुजराथेंतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचें हें ज्ञातिपुराण. लिंबजा ही त्यांची देवता. कृष्णानें सोमेश्वर नामक ब्राह्मणास मल्लविद्या शिकविली, असें त्यांत म्हटलें आहे. भाषा अशुद्ध, गुजराथी वळणाची. व्याकरणशुद्धीचे चाहते तो ग्रंथ हातीं घेतांच नाक मुरडतील. पण आखाड्यांत प्रत्यक्ष वावरणाऱ्यांनीं लिहिलेला म्हणूनच त्याचें मोल अधिक. त्यांतही स्तंभश्रम स्पष्टपणें आला आहे.

(३) तेव्हां निष्पन्न काय झालें? बाळंभट्टदादांच्या पूर्वीं सुमारें सातशें वर्षें मल्ल लोक खांबावर श्रम करीत होते. यावर असा आक्षेप येईल कीं, तो स्तंभश्रम म्हणजेच आजचा मल्लखांब कशावरून? आक्षेप रास्त आहे. मानसोल्लासांतील स्तंभ हें कुस्तीच्या तयारीचें साधन होय. प्रतिस्पर्ध्याच्या जागीं खांब कल्पून पकड पक्की करावी, मांड्यांत व बाहूंत बळ आणावें, एवढाच त्याचा हेतु. आज एरंडेल तेल चोळलेल्या सागवानी किंवा शिसवी खांबावर अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा इत्यादि उड्या व पकडी क्रमानें करून दाखविल्या जातात. खांब पुरलेला असतो, टांगताही असतो, आणि त्याच्या जोडीस वेताचा व दोराचा मल्लखांब आहे. ही कुस्तीची दासी राहिलेली नसून स्वतंत्र कला झाली आहे. साधन प्राचीन, कला अर्वाचीन, असा विवेक केला म्हणजे दोन्ही पक्षांचें समाधान होतें. बाळंभट्टदादा हे जनक नव्हेत, उद्धारक होत. आणि या पदवीनें त्यांच्या मोठेपणास यत्किंचितही उणेपणा येत नाहीं. लुप्तप्राय साधनास शास्त्राचें रूप देऊन शिष्यपरंपरा उभी करणें हें कार्य उत्पत्तीहून लहान नाहीं.

(४) भाषेचें प्रमाणही याच ठिकाणीं विचारांत घेतलें पाहिजे. 'मल्ल' हा शब्द शुद्ध संस्कृत. 'खांब' हा स्कंभ-स्तंभ कुळांतला. 'आखाडा' हा 'अक्षवाटा'वरून आलेला. उलटपक्षीं 'तालीम' अरबी, 'उस्ताद' (ज्याचें आपण 'वस्ताद' केलें), 'पहिलवान', 'कुस्ती' व 'लेजीम' हे फारशी. आज खानदेशांतील कोणत्याही जत्रेंत कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हां लहान मुलांच्या नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जे शब्द कानीं पडतात, त्यांत या दोन्ही धारा एकजीव झालेल्या असतात. त्यांतून एक धारा उपसून टाकावयाची म्हटलें तर बोलणेंच खुंटेल. शब्द हे शिलालेखांप्रमाणेंच साक्षीदार असतात. इतकेंच कीं ते दगडावर नसून लोकांच्या जिभेवर कोरलेले असतात.

पुढील परंपराही हेंच सांगते. १८१८ सालीं पेशवाई बुडून बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. त्याच्या मागोमाग ही विद्याही गंगातीरीं गेली. ब्रह्मावर्तास नानासाहेब, तात्या टोपे व पुढें झांशीची राणी झालेली मनु यांनीं ती अभ्यासिली, अशी परंपरा आहे. त्याच झांशीच्या नेवाळकर घराण्याची एक शाखा आमच्या खानदेशांतील पारोळ्यास नांदत होती. बडोद्यास उस्ताद जुम्मादादांच्या आखाड्यांत प्रोफेसर माणिकराव तयार झाले, व गुरु मुसलमान आणि शिष्य हिंदु असतां विद्येच्या देवघेवींत कोणासच कांहीं वावगें वाटलें नाहीं. अली-गुलाबांची कथा सांगतांना जे आवाज चढवितात त्यांनीं जुम्मादादांचें नांवही त्याच आवाजांत घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक प्रसंगीं देशी खेळ परकीयांस करून दाखविले. त्या वेळीं देश पारतंत्र्यांत होता. स्वतःचें निशाण नव्हतें. अशा स्थितींत स्वतःचा खेळ हेंच निशाण झालें. पुढें २०१३ सालीं मध्यप्रदेशानें मल्लखांबास राज्याचा खेळ ठरविलें, आणि २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईस झालेल्या जागतिक स्पर्धेंत परदेशांतील खेळाडूही त्या खांबावर चढले.

(५) कीर्ति वाढली कीं दंतकथाही वाढते. कोणी मल्लखांब वेदकालीन म्हणतो, कोणी पेशव्यांच्या एका रात्रींतला. दोघांसही पुराव्याची गरज वाटत नाहीं. राष्ट्राचा अभिमान खोट्या प्राचीनत्वावर उभारला तर पहिल्याच टीकाकाराच्या धक्क्यानें तो कोसळतो. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. जो खेळ सोमेश्वराच्या राजसभेंत, मोढेऱ्याच्या ब्राह्मणांत, पुण्याच्या तालमींत, जुम्मादादांच्या आखाड्यांत व अमरावतीच्या मैदानांत वाढला, तो कोणा एका जातीचा वा एका प्रांताचा नाहीं, म्हणूनच तो राष्ट्राचा आहे. आणि हें म्हणण्यास आधार भावनेचा नसून कागदाचा असला पाहिजे.

तो कागद कोठें मिळेल? बाराव्या शतकांतील ग्रंथ व अठराव्या शतकाच्या अखेरची कथा यांच्या मधील कालखंड रिकामा भासतो, तो भरून काढण्याचें काम संग्राहकांचें आहे. जुनीं दप्तरें चाळतांना आपण वतनाचा कागद तेवढा बाजूस काढतों व किरकोळ जमाखर्च बासनांत परत बांधतों. वस्तुतः तालमीच्या तेलाचा खर्च, मल्लास दिलेला शेला, जत्रेंतील कुस्त्यांचें इनाम, मारुतीच्या देवळाच्या दिवाबत्तीची नेमणूक अशा नोंदी याच किरकोळ जमाखर्चांत असावयाच्या. पेचांचीं नांवें किंवा आकृति असलेलें एखादें जीर्ण पान वैद्यकाच्या वा मंत्रशास्त्राच्या पोथींत शिरलेलें असणें अगदीं संभवनीय आहे. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देवांनीं रामदासी बाडें गोळा केलीं, तेथेंच १९२६ सालीं राजवाडे निवर्तले, व त्यांच्या मागें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. ज्या प्रांतास असा वारसा आहे त्यानें हें काम दुसऱ्यावर टाकूं नये. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं बासनें असतील त्यांनीं तीं एकवार या दृष्टीनें सोडावीं, आणि जें आढळेल त्याची नक्कल जवळच्या मंडळाकडे पाठवावी. पान एकच असलें तरी चालेल. पण तें अस्सल असावें.