शिशाची गोळी, लिव्हरची बंदूक आणि हरणाची शिकार

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाची तुटक वाक्यं थोडी जोडून घेतली आहेत, बाकी सगळं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. हरणाची शिकार, तीही घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीने. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हा सरळ सरळ गुन्हा आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडची नाहीच. ही अमेरिकेची गोष्ट आहे. तिथे हरणाची शिकार आजही परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, कायद्याने होते, आणि ओतलेल्या गोळ्या वापरणारे लोक आजही आहेत.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही. मग या विषयात रस का? कारण या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी एका धातूचा एक गुण आहे. शिसं मऊ आहे आणि ते लवकर वितळतं. या एका गुणामुळे गरीब शेतकऱ्याला स्वतःची गोळी स्वतः करता आली, त्याच गुणामुळे बंदुकीच्या वेगाला मर्यादा पडली, आणि त्याचीच किंमत शंभर वर्षांनी एका भल्या मोठ्या पक्ष्याने मोजली. क्रमाने बघू.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तांब्याला १०८५ अंश लागतात, लोखंडाला दीड हजारांच्या वर. म्हणजे तांबं आणि लोखंड वितळवायला भट्टी हवी, भाता हवा, कारागीर हवा. शिशाला घरची चूल पुरते. लोखंडी भांड्यात शिसं ठेवायचं, पातळ झालं की त्यात थोडं मेण टाकून ढवळायचं, म्हणजे मळी वर येते. ती काढून टाकायची, पळीने साच्यात ओतायचं, क्षणभर थांबून साचा उघडायचा. चकचकीत गोळी बाहेर पडते. धोका एकच आणि मोठा: भांड्यात पाण्याचा थेंब गेला तर त्याची तत्काळ वाफ होते आणि उकळतं शिसं अंगावर उडतं. आणि हो, त्या धुराचा आणि धुळीचा त्रास वेगळा, तो हळूहळू होतो.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हे घरोघरी चालायचं. दारू आणि शिशाची लगड दुकानातून आणायची, गोळ्या घरी ओतायच्या. आपल्याकडेही ठासणीच्या बंदुकीला गोळ्या अशाच ओतल्या जायच्या. गोळी, दारू, ठिणगी सगळं सुटं सुटं. जे संपेल तेवढंच आणायचं.

मग १८६० साली बेंजामिन टायलर हेन्री या माणसाची बंदूक आली. चापाभोवतीची लिव्हर खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवीन आत, घोडा मागे. एकदा भरली की सोळा बार. पण इथे एक गोम होती. तिचं काडतूस असं होतं की पेट घेणारा मसाला त्याच्या तळाच्या कडेतच भरलेला असायचा. एकदा ती कडा ठेचली गेली की काडतूस फेकून द्यायचं, पुन्हा भरता येत नाही. म्हणजे बंदूक झाली आधुनिक, पण तिचा मालक झाला दुकानाचा बांधील. जवळचं दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर ही बांधिलकी फार महाग पडते. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रिंटर घेतला, पण शाई फक्त कंपनीचीच चालते.

ही गाठ सोडवली १८७३च्या विंचेस्टरने. तिच्या '४४-४०' काडतुसाच्या तळाला मधोमध वेगळी छोटी टोपी होती. बार झाल्यावर ती टोपी काढायची, नवीन बसवायची, ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास काळी दारू भरायची, आणि घरी ओतलेली सुमारे १३ ग्रॅमची गोळी वर दाबून बसवायची. पितळेचं नळकांडं पुन्हा पुन्हा वापरता यायचं. विंचेस्टर कंपनी स्वतःच त्यासाठी साचे आणि हत्यारं विकत होती. १८८४ साली जॉन बार्लो याने 'आयडियल' नावाची कंपनी काढली, तिचा तर धंदाच हा: साचे, पळ्या, हातात मावणारी भरणी-यंत्रं, आणि ती कशी वापरायची याच्या पुस्तिका. ही कंपनी पुढे १९२५ साली लायमन कंपनीकडे गेली, आणि लायमनचे साचे आजही मिळतात. कोल्टने आपलं पिस्तूलही '४४-४०'मध्ये काढलं. एकाच पिशवीतली काडतुसं कमरेला आणि खांद्याला, दोन्हीकडे चालायला लागली.

या बंदुका कुणाच्या जमिनीवर चालत होत्या हेही विसरायला नको. पश्चिमेत वसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या आधी तिथे कुणीतरी राहत होतं आणि हरीण मारून खात होतं. गोऱ्या शेतकऱ्याची 'स्वावलंबी' चूल त्या लोकांना हुसकावून पेटलेली होती.

आता गोळीचा आकार बघा. लिव्हरच्या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याची भीती. म्हणून या बंदुकीच्या गोळीचं टोक चपटं. गंमत अशी की सुरक्षिततेसाठी केलेला हा चपटेपणा शिकारीलाही उपयोगी पडला. चपट्या टोकाची मऊ, जड गोळी शरीरात गेली की आणखी पसरते आणि मोठी जखम करते. जनावर लवकर पडतं, जखमी होऊन रानात पळत नाही.

पण वेग कमी. सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास. इतक्या संथ गोळीची वाट लांबवर फार वाकते. त्यामुळे शिकाऱ्याला हरणाच्या शंभरेक मीटरच्या आत जावं लागायचं. वारा बघायचा, पाचोळ्यावर पाय जपून टाकायचा, तासन्‌तास एका जागी बसायचं. अनेकदा रिकाम्या हाताने घरी यायचं.

१८९४ साली जॉन ब्राउनिंगने आखलेली नवी विंचेस्टर आली आणि १८९५ साली तिच्यासाठी '३०-३०' हे काडतूस. यात काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू होती. गोळी आधीपेक्षा बारीक आणि हलकी, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास. आणि इथे मऊ शिसं हरलं. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. मऊ शिसं या वेगाला ते आटे पकडू शकत नाही, घसरतं, मागच्या तप्त वायूने कडेने वितळतं आणि नळीत लेपासारखं चिकटून बसतं. दोन-चार बारांनंतर नेम जातो. उपाय म्हणून कारखान्यांनी शिशाला बाहेरून कठीण धातूचं कवच घातलं, फक्त टोक उघडं ठेवलं. असं कवच चुलीवर होत नाही. शेतकरी पुन्हा दुकानात.

घरी ओतणाऱ्यांनी तरीही हार मानली नाही, आणि मला या भागातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. त्यांनी शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण केलं. गोळीच्या अंगावर खाचा पाडून त्यात मेण आणि चरबी भरली, म्हणजे नळीत वंगण मिळेल. गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवली, म्हणजे तप्त वायू शिशाला थेट लागणार नाही. आणि कठीण शिसं कुठून आणलं? छापखान्यातून! लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. आपल्याकडे जुळारी ज्या खिळ्यांनी वर्तमानपत्रं जुळवायचे, ते खिळेही याच कुळातले. अक्षराची कडा घासली जाऊ नये म्हणून केलेलं मिश्रण गोळीची कडा घासली जाऊ नये म्हणूनही चाललं. ऑफसेट छपाई आली, जुने छापखाने मोडीत निघाले आणि त्यांचा धातू गोळ्या ओतणाऱ्यांच्या भांड्यात गेला. तो मिळेनासा झाल्यावर गाडीच्या चाकांना लावायची शिशाची वजनं गॅरेजमधून गोळा झाली.

पण एक तोल इथेही सांभाळावा लागतो. फार कठीण केली तर गोळी पसरत नाही, हरणातून आरपार निघून जाते किंवा ठिसूळपणाने फुटते. फार मऊ ठेवली तर नळी भरते. बीटेकला मटेरियल सायन्सच्या पेपरात हा कठीणपणा-ठिसूळपणाचा तक्ता मी पाठ केला होता. या लोकांनी तो चुलीसमोर बसून, हातांनी शोधला.

आता हरणांकडे येऊ. १९००च्या सुमाराला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं फक्त ३ ते ५ लाख उरली होती असा अंदाज आहे. जंगलं तुटली होती, घरासाठीची शिकारही होतीच, पण सगळ्यात मोठा घाव बाजारासाठी मारणाऱ्यांचा. रेल्वे झाली आणि दूरच्या रानातलं मांस आणि कातडी शहरात पोचायला लागली. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा ठरवला, म्हणजे बंदुकीवर नाही, बाजारावर बोट ठेवलं. १९३७ साली आलेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. हंगाम, परवाने, संख्येची मर्यादा आली. आज ती हरणं ३ कोटींच्या आसपास आहेत. हे यश खरं आहे आणि त्यात शिकाऱ्यांचा पैसाही आहे.

पण शिसं हरणात थांबलं नाही. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतो. त्यात शिशाचे कण असतात, काही डोळ्यांना न दिसणारे. कॅलिफोर्निया काँडर हा मेलेलं खाणारा, पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर भरणारा पक्षी. १९८७ साली रानातला शेवटचा काँडर पकडून पिंजऱ्यात आणावा लागला, तेव्हा जगात एकूण २७ उरले होते. १९९२पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली आणि मग दिसलं की रानात ते सगळ्यात जास्त मरतात ते शिशाच्या विषबाधेने. त्यांच्या रक्तातल्या शिशाची 'सही' तपासली तर ती बहुतेक वेळा गोळ्यांमधल्या शिशाशी जुळली. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. आपली गिधाडं डायक्लोफिनॅकने गेली, मेलेल्या गुरांच्या मांसातून. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मारायचं कुणालाच नव्हतं. मेलेल्या जनावरात जे उरलं, त्याने पक्षी मेला.

माणसांचं काय? २००८ साली नॉर्थ डकोटात ७३८ लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त होतं, डेसिलिटरला ०.३० मायक्रोग्रॅम. आकडा छोटा आहे, पण शिशाचं लहान मुलांसाठी सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली.

इथे घरी ओतणारा म्हणतो, माझ्यावर अन्याय झाला. आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००८ साली मिनेसोटात मेंढ्यांच्या कलेवरांवर गोळ्या झाडून बघितलं, तेव्हा सगळ्यात जास्त चुरा झाला तो वेगाने पसरणाऱ्या कारखान्याच्या गोळ्यांचा. जड, संथ गोळ्यांचा चुरा खूप कमी. लिव्हरच्या बंदुकीतली ओतीव गोळी या दुसऱ्या जातीची. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि रानात उभा असलेला वनरक्षक गोळीचा वेग मोजत बसू शकत नाही. त्याला 'शिसं आहे की नाही' एवढंच बघता येतं. पर्याय तांब्याच्या गोळीचा. ती चांगली चालते, पण आठवतं ना, १०८५ अंश. चूल तिथे पुरत नाही.

म्हणजे या कायद्याने गोळी बदलली आणि सोबत दीडशे वर्षांचं एक घरगुती कौशल्यही शिकारीतून बाहेर काढलं. माझं मत विचाराल तर कायदा बरोबर आहे. २७वर आलेल्या पक्ष्यासाठी एवढं सोडायला हवं. पण ज्याला सोडावं लागलं त्याला 'तू वाईट होतास' असं सांगू नये. त्याने दुकानावर अवलंबून राहायचं नाही म्हणून हे सुरू केलं होतं, आणि काँडरच्या पोटात काय जातंय हे त्याच्या आजोबांच्या काळात कुणी तपासलेलंही नव्हतं. नुकसान भरून देता येत नसेल, तर निदान ते नुकसान आहे एवढं तरी मान्य करावं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी छापखान्यात खिळे जुळवले असतील, किंवा कल्हईवाल्याकडचं कथील हाताळलं असेल, तर त्यांच्याशी या धातूंबद्दल जरूर बोला. भेटू पुढच्या भागात.