पावाचा चुरा : ताजा की सुका? #इतिहास

१/८
पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले आणि १५४३ साली त्यांचे व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. त्यांच्याच एका शब्दापासून आपला 'पाव' आला आणि जपान्यांचा 'पान'. 'पान्को' म्हणजे पावाचा चुरा. हा चुरा ताजा घ्यावा की सुका, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/८
'अपिकियस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात खिम्याच्या गोळ्यांची एक कृती आहे. तीत पावाचा आतला पांढरा मऊ गर द्राक्षमद्यात भिजवून मांसात कालवला जातो. असा ओलसर गर मांसाचा रस धरून ठेवतो आणि गोळा कठीण होऊ देत नाही.

३/८
सिसिलीत चुऱ्याला 'मुद्दिका' म्हणतात; मूळ अर्थ पावाचा मऊ गर. चीज ज्यांना परवडत नसे, ते हा चुरा ऑलिव्ह तेलात परतून पास्त्यावर भुरभुरत. १९ मार्चच्या संत जोसेफाच्या सणाला तोच चुरा सुताराच्या भुशाचे प्रतीक ठरतो. दारिद्र्याने शिकवलेली युक्ती अशी सणाच्या ताटात मानाने बसली.

४/८
व्हिएन्नाची वाट निराळी. तेथे 'झेमेल' नावाचे छोटे पाव पूर्ण वाळवून बारीक दळत. श्निट्झेलसाठी वासराच्या मांसाचा पातळ काप पीठ, अंडे आणि या चुऱ्यात घोळवून तळतात. सुक्या चुऱ्यात पाणी जवळजवळ नसल्याने तो लवकर खरपूस होतो आणि आतले मांस अति शिजत नाही.

५/८
मग शिळा पाव म्हणजेच सुका पाव काय? नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ साली दाखवले, की पावातील ओलावा जराही उडू दिला नाही तरी पाव शिळा होतो आणि तापवल्यास पुन्हा मऊ पडतो. शिळेपणाचे मुख्य कारण स्टार्चच्या रचनेतील बदल हे आहे.

६/८
गृहिणींना याचा व्यवहार आधीच ठाऊक होता. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा चुरा होत नाही, गोळा होतो. म्हणून 'ताजा' चुराही बहुधा कालच्या पावाचाच असतो. मात्र त्यात ओल असते. बरणीत भरला तर बुरशी धरतो. साठवायचा चुरा मंद आचेवर वाळवावाच लागतो.

७/८
टोकियोच्या गिंझा भागातील 'रेंगातेई' या उपाहारगृहाने १८९९ साली डुकराच्या मांसाचे तळलेले कटलेट प्रचारात आणले, असे मानले जाते. जपानी बाजारात आज ओला 'नामा पान्को' आणि सुका पान्को दोन्ही मिळतात. ओल्याच्या पाकळ्या मोठ्या व हलक्या, पण तो फार टिकत नाही; सुका महिनोन्महिने राहतो.

८/८
आपल्याकडील कटलेटात दोन्ही परंपरा एकत्र नांदतात : आत भिजवून पिळलेला पाव, बाहेर सुका चुरा. सारांश, आत ओलावा हवा तेथे ताजा, बाहेर कुरकुरीतपणा हवा तेथे सुका. आणि फोडणीची पोळी कालच्याच पोळीची चांगली होते, हे जाणणाऱ्या मराठी घराला सिसिलीची मुद्दिका परकी वाटू नये. उरलेले अन्न टाकायचे नाही, या एका निश्चयातून दोन्ही पदार्थ जन्मले.