धाराऊ ते दुग्धपेढी : मुंबईतील मातृदुग्धदानाचा इतिहास

मुंबईच्या दुधाचा इतिहास सांगताना गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या वसाहतीत शहरातील अनेक गोठ्यांतील म्हशी हलविण्यात आल्या आणि पाश्चरीकृत दूध बाटल्यांतून मुंबईकरांपर्यंत पोहोचू लागले. या कार्यासंदर्भात दारा खुरोडी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यानंतर चाळीस वर्षांनी याच शहरात आईच्या दुधाचे पाश्चरीकरण सुरू झाले. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या दुधाचा विचार केला आहे.

परक्या बाळाला दूध पाजणे महाराष्ट्राला नवे नव्हते. छत्रपती संभाजी महाराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजले, हे परंपरेने सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्या दुधातून नाते निर्माण झाले. धाराऊ दूधआई झाल्या, त्यांचे पुत्र दूधभाऊ झाले. दूध देणारी स्त्री नावानिशी इतिहासात राहिली.

दुग्धपेढीने हे नाते बदलले. जगातील पहिली पेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झाली. आशियातील पहिली पेढी १९८९ मध्ये शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली. बाटली आणि पावडरचे दूध यांतून होणारा जंतुसंसर्ग अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांच्या जिवावर बेतत होता. बाटली बंद करणे हा एक उपाय होता. परंतु ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला अद्याप दूध येत नाही, त्याला काय द्यावे? पेढी हे या प्रश्नाचे उत्तर होते. धारावीलगतच्या, गोरगरिबांच्या पालिका रुग्णालयात हे घडले, खासगी रुग्णालयात नव्हे, हे विशेष. बालदुग्धपर्यायांच्या प्रचारावर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा त्यानंतर, १९९२ मध्ये आला.

पेढीत दात्या मातेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी इत्यादींसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर ३० मिनिटे तापवून, जंतुपरीक्षा करून उणे २० अंशांवर गोठविले जाते. अनेक मातांचे दूध एकत्र केले जाते. साहजिकच येथे दूधआई कोण, हे सांगता येत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे दान ऐच्छिक आणि विनामोबदला असते.

या स्थित्यंतरात पंपाचे स्थान महत्त्वाचे आहे. दूध शरीरापासून वेगळे होऊन बाटलीत जमा झाल्याशिवाय अनामिक दान शक्यच नाही. अमेरिकेत १८५४ मध्ये नीडहॅम यांनी स्तनपंपाचे पेटंट घेतले. पुढे दीर्घकाळ रबरी गोळ्याचा हातपंप प्रचारात राहिला, आणि तो आजही औषधांच्या दुकानांत मिळतो. त्याच्या गोळ्यात दूध शिरते आणि आतून तो नीट स्वच्छ करता येत नाही. ज्याचे सर्व भाग सुटे होऊन उकळता येतात, असा दांड्याचा हातपंप त्यामुळे श्रेयस्कर. नुसत्या हाताने, स्वच्छ भांड्यात दूध काढण्याची पद्धत तर बिनखर्चाची आहे आणि पालिका रुग्णालयांतील मातांना तीच शिकविली जाते.

येथे एक वैयक्तिक अनुभव नोंदविणे अस्थानी ठरू नये. प्रस्तुत लेखिका गोरेगावची रहिवासी आहे. प्रसूतिरजेनंतर महाविद्यालयात रुजू झाल्यावर दोन तासिकांच्या मध्ये काढलेले दूध कित्येक दिवस बेसिनमध्ये ओतावे लागले, कारण ते ठेवायला शीतकपाट नव्हते. पंप स्टेशनसमोरच्या दुकानातून घेतलेला, अर्थात रबरी गोळ्याचा. दानाचा विचार मनात आला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पंप कोणता वापरता, हा. दुसरा, दूध किती वेळात थंड करता. शेजारच्या बाळाला कच्चे दूध परस्पर देऊ नये, असेही त्यांनी बजावले. धाराऊंच्या काळी या प्रश्नांची गरज नव्हती. तेव्हा दूध हवेत येतच नसे.